घरी जोडलेल्या संगणकाचे दुखणे

पूर्वी मध्यमवर्गीय घरात बिघडण्यासारखी यंत्रे मोजकीच असत. रेडिओ खरखरू लागला की त्याच्या माथ्यावर एक थाप मारावी, शिवणयंत्र अडले की तेलाचे दोन थेंब सोडावेत, आणि एवढ्याने भागले नाही तर कारागिराला निरोप धाडावा, अशी साधी रीत होती. आता घराघरांत संगणक आला आहे. त्याचे दुखणे थापेने बरे होत नाही आणि तेलानेही नाही. आमच्या इंदूरच्या घरातील अशाच एका दुखण्याची ही हकिकत आहे. त्यातून आम्ही जे शिकलो, ते वाचकांपैकी कोणाच्या तरी उपयोगी पडेल, या भरवशावर ती लिहीत आहे.

आमचे चिरंजीव वास्तुशास्त्राचे विद्यार्थी. त्यांना घरांचे आराखडे काढण्यासाठी दमदार संगणक हवा होता. तयार यंत्राची किंमत मात्र आमच्या आवाक्याबाहेरची. तेव्हा सुटे भाग आणून यंत्र घरीच जोडावे असे ठरले. मुख्य फलक म्हणजे मदरबोर्ड, त्यावर बसणारा प्रोसेसर, स्मृतीच्या दोन पट्ट्या, चित्रांचे काम पाहणारे ग्राफिक्स कार्ड, माहिती साठवणारी चकती आणि हे सारे सामावून घेणारी पेटी, असा संसार ओसरीवरच्या सतरंजीवर मांडला गेला. सगळे नवे, फक्त वीज पुरवणारा भाग, ज्याला पॉवर सप्लाय म्हणतात, तो जुन्या संगणकातला काढून बसवला. चालत्या वस्तूला फेकायचे कशाला, हा विचार त्यामागे होता. खरे सांगायचे तर तो माझाच आग्रह होता.

यंत्र चालू झाले आणि त्याला लगेच दुसरेही काम मिळाले. आमच्या आईचे वय ८६. दृष्टी जवळजवळ गेलेली, पण आठवणी लख्ख. तिने सांगावे आणि नातवाने टंकावे, असा क्रम सकाळी सुरू झाला. सनावदचे माहेर, सासर, जुन्या इंदुरातील सणवार असे एकेक प्रकरण कागदावर उतरू लागले.

एके दिवशी सकाळी आईने आपण होऊन तिच्या धाकट्या भावाचा विषय काढला. तो १९४८ साली विषमज्वराने गेला. त्याला सनावदहून लहान रुळांच्या गाडीने इंदूरला आणले, त्या प्रवासात ती त्याच्या उशाशी बसली होती. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. हे तिने आम्हां मुलांपाशीही कधी काढले नव्हते. नातू भराभर टंकीत होता, आणि एकाएकी पडदा काळा झाला. क्षणभराने यंत्राची नाममुद्रा झळकली आणि संगणक पहिल्यापासून सुरू झाला. दर दहा मिनिटांनी आपोआप प्रत ठेवण्याची सोय होती. पण नवे प्रकरण सुरू होऊन आठच मिनिटे झाली होती. सारे गेले.

"आजी, पुन्हा सांगशील का गं?" नातवाने विचारले.

"आता नाही रे बाळा. एकदा झालं सांगून," एवढेच बोलून ती आत गेली.

त्या रात्री मी चिरंजीवांना जे बोललो त्याची आज लाज वाटते. दुकानातले तयार यंत्र घेतले असते तर ही पाळी आली नसती, असे मी म्हणालो. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्याने एक वही घेतली आणि पहिल्या पानावर लिहिले: तारीख, वेळ, काय काम चालू होते, काय झाले. निदानाची सुरुवात या वहीपासून झाली, आणि अखेर ती वहीच कामी आली.

पहिला संशय आज्ञावलीवर घेतला. विंडोज प्रणालीत मोठी चूक झाली की यंत्र आपोआप पुन्हा सुरू व्हावे अशी व्यवस्था मुळातच असते. त्यामुळे चुकीचा निळा पडदा वाचण्याआधीच नाहीसा होतो. ही व्यवस्था बंद केली. त्यानंतरही यंत्र निळा पडदा न दाखवता थेट काळे होऊन उठू लागले. प्रणाली स्वतःच्या घडामोडींची जी नोंदवही ठेवते, तिच्यात 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद दर वेळी सापडे. अनेकजण ही नोंद पाहून वीजपुरवठाच बिघडला असे समजतात. वास्तविक तिचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद झाले नव्हते. ती घटना सांगते, कारण सांगत नाही. तरीही निळा पडदा न येणे हा एक इशारा होता: दोष आज्ञावलीपेक्षा यंत्राच्या अंगात असण्याचा संभव अधिक.

दुसरा संशय उष्णतेचा. प्रोसेसरवरचा पंखा नीट बसला नसेल, किंवा मधला उष्णतावाहक लेप कमी पडला असेल, तर प्रोसेसर तापतो. पण आजचे प्रोसेसर शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचू लागले की आधी स्वतःची गती कमी करतात, आणि तेवढ्याने भागले नाही तरच यंत्र बंद पडते. बहुधा ते बंदच राहते. आमचे यंत्र तर मजकूर टंकताना, अगदी थंड असताना, उठून बसत होते. तापमान मोजले तेव्हा ते पन्नाशीच्याही आत होते. हा संशय सोडून दिला.

तिसरा संशय स्मृतीच्या पट्ट्यांवर. घरी जोडलेल्या संगणकात हा दोष वारंवार आढळतो. पट्टीवर छापलेली गती मिळवण्यासाठी एक्सएमपी नावाची मांडणी चालू करतात; ती पुष्कळदा सर्वमान्य गतीपेक्षा अधिक असते आणि एखाद्या यंत्राला ती मानवत नाही. ती मांडणी बंद करून साधी गती ठेवली. मग मेमटेस्ट नावाची आज्ञावली पेनड्राइव्हवरून सुरू करून रात्रभर चालवली. ती विंडोजच्या बाहेर, स्वतंत्रपणे स्मृतीचा कोपरा न् कोपरा तपासते. सकाळी निकाल आला: चूक एकही नाही.

मग पेटी उघडली. फलक पेटीच्या पत्र्याला टेकू नये म्हणून त्याखाली पितळी ठोकळे असतात. एखादा भलत्या जागी राहिला तर तो फलकाच्या पाठीला टेकून विजेला आडवाट करून देतो. ते सर्व योग्य जागी होते. फलकाला वीज देणारी चोवीस टोकांची आणि प्रोसेसरची आठ टोकांची जोडणी पुन्हा दाबून बसवली. पेटीवरील 'रिसेट'ची कळ कधी अडकून राहते आणि माणसाने न दाबताच यंत्र उठवते. म्हणून तिच्या दोन बारीक तारा फलकावरून काढून ठेवल्या. त्यांच्यावाचून यंत्राचे काही अडत नाही. इतके करूनही दोन दिवसांनी सकाळी यंत्र पुन्हा उठलेच.

आता उरला तो वीजपुरवठा. मीटर लावून दाब मोजला. बारा व्होल्टच्या तारेवर पाच टक्के कमीअधिक, म्हणजे ११.४ ते १२.६, चालतात. आमचा आकडा ११.९ होता आणि तो जागचा हलत नव्हता. चिरंजीव हताश होऊन बसले. आई जवळच माळ ओढीत बसली होती. ती म्हणाली, "अरे, तुझं ते खोकं मोटार लागली की मरतं. तुला ऐकू येत नाही का?"

वही उघडली. आमच्या गल्लीत नळाला एक दिवसाआड पाणी येते. पाणी आले की खालची मोटार लावून वरची टाकी भरायची, हा आमचा नित्यक्रम. सकाळच्या सर्व नोंदी एक दिवसाआडच्या होत्या! दुपारच्या नोंदी मात्र या हिशेबात बसेनात. त्या पाहिल्या तर प्रत्येक वेळी मोठा आराखडा रंगवण्याचे जड काम चालू होते, आणि स्वयंपाकघरातला फ्रिज भिंतीपलीकडेच होता. अवचित, वाटेल तेव्हा होते असे ज्याला आम्ही म्हणत होतो, त्याला नियम होता. तो दोन कारणांचा मिळून होता, म्हणून दिसत नव्हता.

त्याची मीमांसा अशी. मोटार सुरू होताना क्षणभर तिच्या नेहमीच्या कित्येक पट वीज ओढते आणि घरातील दाब तेवढ्यापुरता खाली येतो. आपल्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे. चांगला पॉवर सप्लाय आपल्या धारित्रात, म्हणजे कपॅसिटरमध्ये, साठवलेल्या विजेवर असा सोळा-सतरा मिलिसेकंदांचा खळ निभावून नेतो. जुन्या सप्लायमधील धारित्रे वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकतात आणि ही शिदोरी आटते. सप्लायकडून फलकाकडे 'वीज ठीक आहे' असा एक संकेत सतत जात असतो. तो मोडला की फलक यंत्राला थांबवतो आणि संकेत परतला की पहिल्यापासून सुरू करतो. मोटारीचा धक्का मोठा, म्हणून टंकण्यासारख्या हलक्या कामातही यंत्र ढळे. फ्रिजचा धक्का लहान, म्हणून जड काम असेल तेव्हाच ढळे. आणि आमचा मीटर इतका संथ, की असा खळ त्याला दिसणे शक्यच नव्हते.

तर्क कितीही देखणा असला तरी पडताळा हवा. मित्राकडून एक चांगला सप्लाय मागून आणला आणि दुसरे काहीही न बदलता बसवला. दोन आठवडे मोटार लागली, फ्रिज चालला, आराखडे रंगले. यंत्र एकदाही उठले नाही. मग मुद्दाम जुना परत लावला. पाण्याच्या पहिल्याच दिवशी यंत्र उठले. आता शंका उरली नाही. नवा सप्लाय घेतला, आणि तारतंत्र्याला बोलावून मोटारीची तार वेगळी करून घेतली.

वाचकांना तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. एका वेळी एकच वस्तू बदलावी. चार बदलली तर दोष जातो, पण कोणता होता ते कळत नाही. पॉवर सप्लायची पेटी घरी उघडू नये. आतील धारित्रांत तीनशे व्होल्टच्या वर दाब असतो आणि तार उपसल्यावरही तो काही काळ टिकतो, तो प्राणावर बेतू शकतो. आणि काटकसर करायची तर ती पेटीच्या शोभेत करावी, वीजपुरवठ्यात नव्हे. घरी जोडलेल्या यंत्रात खोट नव्हती. खोट माझ्या आग्रहात होती. हे मी चिरंजीवांना त्याच दिवशी सांगितले.

पुढे महिनाभर आईने भावाचे नाव काढले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. एका सकाळी, नळाला पाणी येण्याचा दिवस असताना, ती नातवाला म्हणाली, "मोटार आज जरा उशिरानं लावा. गाडी सनावदहून सुटली, इथपर्यंत आलो होतो ना आपण?"

यंत्र आता मोटारीला भीत नव्हते. पण ते आम्ही तिला सांगितले नाही. त्या दिवशी टाकी दुपारी भरली.