श्राव्य नाटकातील मौन

श्राव्य पुस्तकात संहितेचे शब्द टिकतात. मौन टिकतेच असे नाही. ओवी-अभंगात यमकामुळे चरणाचा शेवट कानाला कळतो; मुक्तछंदात तो अभिवाचकाच्या विरामावर अवलंबून राहतो. नाटकात हा प्रश्न अधिक बिकट होतो. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकाच्या तिसऱ्या अंकात आरोपांची सरबत्ती होत असताना बेणारे बहुतांशी निःशब्द असते. प्रेक्षकाला ती सतत दिसते. श्रोत्याच्या लेखी न बोलणारे पात्र अनुपस्थितच ठरते. तिच्या अखेरच्या स्वगताला वजन येते ते याच मौनामुळे. म्हणून रंगसूचनांचे वाचन हे श्राव्य संहितेचे अनिवार्य अंग मानले पाहिजे. त्या गाळल्यास ऐकू येते ती केवळ आरोप करणाऱ्यांची बाजू.