गळ आणि आमिष

मासे धरावयास प्रथमच निघालेला मुलगा बहुधा दुकानातील सर्वांत मोठा गळ मागतो. मोठ्या गळास मोठा मासा, असा त्याचा हिशेब! परंतु गळ निवडावयाचा तो माशाच्या तोंडावरून. मोठा गळ वीतभर माशाच्या तोंडात मावत नाही. तो आमिष कुरतडून खुशाल निघून जातो. गळांच्या क्रमांकांची रीत मोठी उफराटी आहे. 6 क्रमांकाच्या गळापेक्षा 12 क्रमांकाचा गळ लहान असतो. नवशिक्याने हा लहान गळच घ्यावा.

आमिषासाठीही तोंडच पाहावे. कटल्याचे तोंड वर वळलेले असते. त्याच्यासाठी कणकेची गोळी बुचाच्या आधाराने पाण्यात वरच ठेवावी. मृगळ तळाशी चरतो. तेथे ती खाली जाऊ द्यावी. मरळ पडली शिकारी. तिला कणकेचे काय कौतुक? तिला गांडूळ किंवा छोटी मासळी हवी.

गळाच्या अणीमागे एक उलटा दात असतो. त्यामुळे मासा निसटत नाही, हे खरे. पण एखादे पिलू अडकले, तर सोडविताना त्याचे तोंड फाटते. म्हणून हा दात आधीच पकडीने दाबून टाकावा. दोरी ताणलेली ठेविली, म्हणजे मोठा मासा तरीही सहसा सुटत नाही. आणि पिलू मात्र ओल्या हातांनी अलगद सोडवून पुन्हा पाण्यात सोडता येते.