कचऱ्यातून वीज : नफा कुणाचा, धूर कुणाचा?

अनसिंगचा आठवडी बाजार उठला की मागे काय उरते, ते आपण सारेच पाहतो. सडकी भाजी, फळांच्या साली, चिंध्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या. पुठ्ठा आणि पत्रा भंगारवाले बांधव उचलतात. उरलेल्याला कुणीतरी काडी लावतो. शहरांत याच कचऱ्यापासून वीज निघते, मग आपल्याकडे का नको, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. भंगार, मटण, भाजी-फळे या धंद्यांत आपला समाज मोठ्या संख्येने आहे. तेव्हा हा प्रश्न आपल्या रोजीचाही आहे.

कचऱ्यातून ऊर्जा मुख्यतः दोन रीतींनी मिळते. पहिली रीत जाळण्याची : सुका कचरा भट्टीत जाळायचा, त्या उष्णतेने वाफ करायची आणि वाफेवर जनित्र फिरवायचे. दुसरी कुजवण्याची : ओला कचरा बंद टाकीत कुजवला की मिथेन वायू निघतो. तो चुलीत किंवा इंजिनात जळतो. उरते ते खत.

जाळण्याच्या रीतीचा आपल्या देशातील पहिला मोठा धडा दिल्लीचा. तिमारपूर येथे १९८७ मध्ये डेन्मार्कच्या मदतीने रोज ३०० टन कचरा जाळणारा कारखाना उभा राहिला. त्याला किलोमागे सुमारे १,४६० किलोकॅलरी उष्णता देणारा कचरा हवा होता. मिळाला तो ६०० ते ७०० चा. ओले लाकूड चुलीत घातल्यावर जे होते, तेच झाले. काही आठवड्यांतच कारखाना थंडावला. यंत्रात दोष नव्हता; कचरा ओला, मातीमिश्रित आणि न निवडलेला होता.

आपल्या राज्यात पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या मोशी येथील प्रकल्पाचे उद्घाटन १ ऑगस्ट २०२३ रोजी झाले. खर्च सुमारे ३०० कोटी रुपये आणि वर्षाला अडीच लाख टन कचरा वापरण्याची योजना. म्हणजे रोज दहा टनी सत्तर ट्रक! अनसिंगचा सारा कचरा गोळा केला तरी तो काही टनांपलीकडे जाणार नाही. असा कारखाना गावाच्या आवाक्यातील नव्हे.

आता पर्यावरणाचे पाहू. कचरा नुसता साठवणेही निर्धोक नाही. मुंबईच्या देवनार येथे १९२७ पासून कचरा पडतो. जानेवारी २०१६ मध्ये तेथे आग लागली आणि शहरावर कित्येक दिवस धूर पसरला. ढिगातून निघणारा मिथेन हवामान तापवतो, तर झिरपणारे काळे पाणी विहिरी नासवते. हे टाळण्यात कारखान्याचा फायदा आहे. मात्र प्लॅस्टिक, विशेषतः पीव्हीसी, जाळताना डायॉक्सिन हे अत्यंत घातक विष तयार होते. ते रोखण्यासाठी वायू किमान दोन सेकंद ८५० अंशांवर ठेवावा लागतो, धुराड्याला महागडे गाळणे लागते, आणि गाळण्यात साठलेली विषारी राख तळाला अस्तर लावलेल्या खड्ड्यातच पुरावी लागते. यातली एक गोष्ट चुकली की शेजारची वस्ती भोगते.

येथे आम्हाला एक कडू गोष्ट आपल्या बांधवांना सांगायची आहे. तांबे मिळवण्यासाठी वायर जाळण्याची चाल कित्येक भंगार अड्ड्यांवर आहे. वायरीचे आवरण बहुधा पीव्हीसीचे असते आणि तांब्याच्या संगतीत डायॉक्सिन अधिकच बनते. कोट्यवधींचा कारखाना जे विष मोठ्या कष्टाने अडवतो, ते आपण उघड्यावर, गाळण्याशिवाय, आपल्याच मुलाबाळांच्या श्वासात सोडतो. शेजाऱ्याला त्रास न देणे ही आपली दीनी शिकवण आहे. शिवाय हिशेब पाहिला तरी सोललेल्या चकचकीत तांब्याला जळक्या तांब्यापेक्षा दर अधिक मिळतो. वायर सोलण्याचे यंत्र चार दुकानदारांनी मिळून घेता येईल.

दुसरा मुद्दा धंद्याचा. भट्टीला सर्वांत चांगले जळण म्हणजे कोरडा कागद आणि प्लॅस्टिक. भंगारवाल्याचा मालही तोच. स्वच्छ बाटली किंवा पुठ्ठा जाळून जितकी ऊर्जा मिळते, त्याहून अधिक तो पुन्हा वापरल्याने वाचते. म्हणून आधी निवड व पुनर्वापर, आणि ज्याला गिऱ्हाईकच नाही तेवढेच भट्टीला, हा क्रम योग्य आहे. शहरात अशा प्रकल्पाचा करार होत असेल तर भंगारवाल्यांनी हा क्रम त्यात लिहून घ्यावा.

अनसिंगसारख्या गावाला कुजवण्याची रीत शोभते. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने डॉ. शरद काळे यांच्या पुढाकाराने ‘निसर्गऋण’ हे बायोगॅस तंत्र विकसित केले. त्यात भाजीपाला, शिळे अन्न, जनावराच्या पोटातील चोथा चालतो. मोठी हाडे, अंड्यांची टरफले, करवंट्या आणि प्लॅस्टिक चालत नाही. टाकी गळकी नको, कारण सुटलेला मिथेन फायद्यावर पाणी फिरवतो. केंद्राची ‘गोबरधन’ योजना २०१८ मध्ये अशाच कामासाठी सुरू झाली. ग्रामपंचायतीमार्फत जिल्हा परिषदेच्या पाणी व स्वच्छता विभागाकडे चौकशी करता येईल.

सुरुवात मात्र दुकानापासून व्हावी. एक बादली ओल्याची, एक पोते सुक्याचे, आणि काडेपेटी खिशात. रस्त्यातील त्रासदायक वस्तू दूर करणे हाही सदका आहे. तिला काडी लावून हवेत सोडणे म्हणजे ती दूर करणे नव्हे.