पेणला तुटलेली उडी

पावसाळा सरला की रोह्याला कुंडलिकेकाठी सिनेमाचा तंबू पडायचा. त्याआधीचा मुक्काम पेणला. तिथला शेवटचा खेळ आटोपला की रिळांच्या पत्र्याच्या पेट्या नागोठण्यामार्गे आमच्याकडे यायच्या. रोह्यापर्यंत रेल्वे यायला अजून अवकाश होता.

तंबूत खरी गर्दी व्हायची ती जंगलपटांना. होमी वाडियांनी १९३७ साली ‘तुफानी टारझन’ काढला, १९४२ला नादियाला घेऊन ‘जंगल प्रिन्सेस’, १९५८ला ‘झिंबो’. त्याच वळणाचा एक जुना बोलपट आला होता. रानात वाढलेली मुलगी, वेली, सिंह. आसपासच्या वाड्यांवरून कातकरी कुटुंबं चालत यायची. आपल्या रानात सिंह नाही, बिबट्या आहे, हे त्यांच्या पोरांना पक्कं ठाऊक होतं; तरी ती सगळ्यांत पुढे बसायची.

मी मात्र दुपारीच ऑपरेटरकाकांजवळ जाऊन बसे. पेटी उघडली की ते रीळ हाताने उलगडत, कडेच्या भोकांवर बोट ठेवून. डोळ्यांना न दिसणारी चीर बोटाला लागायची. तुटलेली टोकं ते दोन चौकटींमधल्या रेषेवर कापत, एका टोकावरचा थर ब्लेडने खरवडत, वर फिल्म चिकटवायच्या सिमेंटचा पातळ हात फिरवत आणि भोकावर भोक बसवून दाबून धरत. चौकटीमागे प्रत्येक कडेला चार भोकं. एक जरी सरकलं तर मशीनचे दाते तिथेच फिल्म पुन्हा फाडणार. आवाजाच्या पट्टीवर जोडाच्या जागी काळ्या शाईचा त्रिकोण काढत, म्हणजे कर्ण्यातून ‘खट्ट’ येत नाही.

पण दर जोडात एकदोन चौकटी जातातच. सेकंदाला चोवीस चौकटी. गावोगाव फिरून मुलीची उडी इतकी आखडली होती की तिने या झाडावरचा हात सोडला न सोडला तोच ती पलीकडच्या वेलीला लटकलेली असे. आवाज चित्रापासून वीसेक चौकटी सरकवून छापलेला असल्याने चित्र आधी दचके, आरोळी मागाहून तुटे. पोरांना त्यात खोट वाटत नसे. मुलगीच तेवढी चपळ आहे, असंच ती धरून चालत. मला आजही वाटतं, त्या चपळाईत नटीइतकाच काकांच्या ब्लेडचा वाटा होता.

रात्री ते काळ्या काचेतून मशीनच्या दिव्यातल्या कार्बनच्या दोन कांड्यांवर नजर ठेवून असत. कांड्या जळून आखूड होतात, अंतर वाढलं की उजेड निळसर पडतो, मग विझतो. त्यांनी पडद्यावरचा सिनेमा सलग कधी पाहिला नसावा.

पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून जुन्या प्रती जपतं आहे. एखादा चित्रपट पूर्ववत करताना निरनिराळ्या प्रती शेजारी ठेवून हरवलेल्या चौकटी भरून काढतात, आणि ते व्हायलाच हवं. मात्र तंबूतून फिरलेली एखादी प्रत तिच्या सगळ्या जोडांसकट तशीच राखावी, एवढं मला मागावंसं वाटतं. पेण-रोह्याच्या लोकांनी पाहिलेला चित्रपट तो होता.