मुंग्या, सावल्या आणि लहरी

कावळा बसला की गच्चीवरचा अँटेना फिरायचा. मग वडील वर, एक जण जिन्यात, एक जण टीव्हीसमोर. ‘आलं का?’ ‘आलं, आलं... गेलं!’ पडद्याला दुखणी दोन. एक मुंग्या. दुसरं, निवेदिकेच्या खांद्यामागे उभी असलेली तिचीच फिकट सावली. पण चित्र मुंग्यांनी भरलं तरी बातम्या बऱ्याचदा स्वच्छ ऐकू यायच्या, त्या कशा?

उत्तर मॉड्युलेशनमध्ये आहे. वाहक लहर स्वतः काही सांगत नाही; तिच्यात फेरफार करून संदेश तिच्यावर चढवावा लागतो. दूरदर्शन चित्र चढवी ते लहरीच्या उंचीवर, म्हणजे एएम पद्धतीनं. आवाज मात्र दुसऱ्या लहरीच्या कंपनसंख्येवर, म्हणजे एफएमनं. वीज कडाडली, शेजारी मिक्सर लागला की पहिला फटका बसतो तो उंचीला. एफएमचा रिसीव्हर उंचीतले चढउतार छाटूनच टाकतो. अमेरिकेच्या एडविन आर्मस्ट्राँगनं १९३३ मध्ये पेटंट मिळवलेल्या या युक्तीची किंमत होती कंपनसंख्यांच्या पट्ट्यातल्या जागेची. आपल्याकडे मध्यम लहरींवर दोन केंद्रांच्या जागा ९ किलोहर्ट्झच्या अंतरानं आखलेल्या असतात. एफएमच्या एकेका केंद्राला सुमारे २०० किलोहर्ट्झ लागतात.

जागा देऊन शांतता विकत घेण्याचा हा व्यवहार. त्याचा पक्का हिशेब क्लॉड शॅनननं १९४८ मध्ये मांडला. खरखरीच्या तुलनेत संदेशाचा जोर तोच ठेवून पट्टा दुप्पट केला, तर मजकूर दुप्पट जाऊ शकतो. पट्टा तोच ठेवून आधीच जोरकस असलेल्या संदेशाचा जोर दुप्पट केला, तर हर्ट्झमागे सेकंदाला जेमतेम एक बिट वाढतो. ओरडण्यापेक्षा ऐसपैस बोलणं स्वस्त. मुंग्या, म्हणजे पडद्यावरची खरखर, अशा हिशेबात बसल्या. सावली उरली.

सावली म्हणजे प्रतिध्वनी: इमारतीवर आपटून लांबच्या वाटेनं आलेली तीच लहर. टीव्हीवर ती नुसती दिसायची. डिजिटल मोबाइलमध्ये ती मागच्या बिटाला पुढच्या बिटावर लोटते. भारतात १९९५ मध्ये आलेल्या जीएसएम फोनमध्ये एक बिट ३.७ मायक्रोसेकंद टिकतो. तेवढ्यात लहर १.१ किलोमीटर जाते. म्हणून मजकुराच्या प्रत्येक तुकड्याच्या मधोमध पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्याला आधीच ठाऊक असलेले २६ बिट घालतात. ते किती विस्कटून आले यावरून फोन वाट ओळखतो आणि बाकीचा मजकूर निस्तरतो.

वेग वाढला तसा हा गुंता हाताबाहेर जाऊ लागला. फोर-जीनं मग एकट्या धावपटूवर सगळं ओझं देण्याऐवजी दिंडी काढली. २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात १२०० उपवाहक, एकमेकांपासून १५ किलोहर्ट्झवर. प्रत्येकाची चाल संथ, एक पाऊल सुमारे ६७ मायक्रोसेकंदांचं. प्रत्येक पावलाआधी त्याच्याच शेपटाची सुमारे ४.७ मायक्रोसेकंदांची नक्कल जोडतात. १.४ किलोमीटरपर्यंतचा वळसा या फटीत जिरतो. ही ओएफडीएम पद्धत. बेल लॅब्जमध्ये तिची कल्पना १९६६ मध्येच मांडली गेली होती. पण एवढे वेगवेगळे प्रेषक खिशात कसे मावणार? कूली आणि ट्युकी यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या फास्ट फूरिए ट्रान्सफॉर्ममुळे ते काम आकडेमोडीवर आलं, आणि ती आकडेमोड नखाएवढ्या चिपवर यायला पुढची काही दशकं गेली.

इथवर प्रतिध्वनी शत्रूच होता. त्याचं भांडवल केलं स्टॅनफर्डमधल्या दोघांनी. थॉमस कैलाथ यांचा जन्म १९३५ चा, पुण्यातला. तिथल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५६ मध्ये पदवी घेऊन ते अमेरिकेला गेले. आरोग्यस्वामी पॉलराज भारतीय नौदलातले. सोनारवर, म्हणजे पाण्यातल्या प्रतिध्वनीवरच, त्यांनी बरीच वर्षं काम केलेलं. १९९२ मध्ये दोघांनी पेटंटसाठी अर्ज केला. कल्पना अशी: एकाच पट्ट्यात वेगवेगळ्या अँटेनांनी वेगवेगळा मजकूर एकदम पाठवायचा, घेणाऱ्याकडेही अनेक अँटेना ठेवायचे. भिंतींवर आपटत आलेलं मिश्रण प्रत्येक अँटेनावर निराळं असतं. म्हणून जितकी अज्ञातं तितकी स्वतंत्र समीकरणं हाती येतात. मोकळ्या माळावर ती समीकरणं जवळपास सारखीच निघतात आणि गणित अडतं. इथे भिंती हव्याच! मायमो नावानं हे तंत्र आज फोर-जी, फाइव्ह-जी आणि घरातल्या वाय-फायमध्ये आहे.

गच्चीवर वडील अँटेनाचा पाइप फिरवून सावली घालवायचे. खिशातला फोन लहरींची वाट सेकंदाला हजारदा तपासतो. सावली दिसली म्हणून तो पाइप फिरवत नाही. तिच्याकडूनही निरोप मागून घेतो.