एकच मजकूर, निवडक प्रतिलेखन

हुपरीच्या चांदीच्या पैंजणाचे काम एका हाती पुरे होत नाही. आटणी, जोडणी, झिलई ही कामे निरनिराळ्या हातांत वाटलेली असतात. आणि त्यांपैकी कोणताही हात केवळ पैंजणापुरताच असतो असे नव्हे. मज्जापेशीत संप्रेरकाचे जनुक कार्यप्रवण होते, त्याची रीतही काहीशी अशीच आहे.

गोनॅडोट्रोपिन-मोचक संप्रेरक हे अवघ्या दहा ॲमिनो आम्लांचे. ते अधोथॅलॅमसमधून पोष ग्रंथीकडे जाते व यौवनारंभ त्यावर अवलंबून असतो. त्याचे जनुक उंदराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत आहे. परंतु त्याच्या मेंदूत ते संप्रेरक घडविणाऱ्या मज्जापेशी सुमारे ८०० च. इतरत्र तोच मजकूर मूक का राहावा?

डीएनएवरील मजकुराची आरएनएच्या रूपात नक्कल होणे, यास प्रतिलेखन म्हणतात. संज्ञा लेखनिकाच्या व्यवहारातली आहे, आणि येथेच ती किंचित फसवी ठरते. लेखनिक समोरची पोथी उतरवून काढतो. पेशी मात्र काय उतरवावयाचे ते निवडते. ही निवड प्रतिलेखन-घटक नावाच्या प्रथिनांकडे असते.

इतक्या विरळ व विखुरलेल्या पेशींचा अभ्यास दुष्कर होता. १९९० मध्ये पामेला मेलन व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या अर्बुदातून हे संप्रेरक घडविणाऱ्या पेशींची कायम टिकणारी वाणे सिद्ध केली, तेव्हा वाट मोकळी झाली. घुशीच्या जनुकात प्रतिलेखनाच्या आरंभबिंदूमागे सुमारे १,६०० ते १,९०० अक्षरांवर ३०० अक्षरांचा एक वर्धक भाग आढळला. त्यावर ऑक्ट-१ व गाटा-४ हे घटक बसतात. ऑक्ट-१ तर बहुतेक सर्व पेशींत असतो! म्हणजे ओळख कोणा एका घटकात नसून त्यांच्या संयोगात आहे.

याहून मार्मिक गोष्ट अशी की, एकाच अक्षरक्रमावर परस्परविरोधी घटक बसू शकतात. एमएसएक्स बसला तर प्रतिलेखन मंदावते, डीएलएक्स बसला तर वाढते. एमएसएक्स-१ नसलेल्या उंदरांच्या भ्रूणांत या मज्जापेशी अधिक, तर डीएलएक्स-१ व २ नसलेल्यांत कमी आढळल्या.

तथापि यौवनारंभ न होण्याचा प्रत्येक दोष प्रतिलेखनाच्या माथी मारता येत नाही. या पेशी भ्रूणाच्या नाकाच्या प्रदेशात जन्मून मेंदूकडे स्थलांतर करतात. १९४४ मध्ये कालमान यांनी वर्णिलेल्या विकारात गंधज्ञान नसते व यौवनही येत नाही. १९८९ मध्ये अशा एका मानवी भ्रूणाची तपासणी झाली, तेव्हा संप्रेरक घडविणाऱ्या पेशी होत्या, पण त्या मेंदूत न पोहोचता नाकाच्या वाटेवरच अडकलेल्या होत्या.