सीचेवाल

सीचेवाल हे भारताच्या पंजाब राज्यातील जालंधर जिल्ह्यातील एक छोटे गाव आहे. काली बेईं या नदीचे लोकसहभागातून झालेले पुनरुज्जीवन आणि ग्रामीण सांडपाण्याच्या पुनर्वापराची ‘सीचेवाल पद्धत’ यांमुळे हे गाव देशभर परिचित झाले.

भौगोलिक स्थान

बियास व सतलज या नद्यांमधील दोआबा या सुपीक प्रदेशात हे गाव वसले आहे. लोहियां खास व सुलतानपूर लोधी ही जवळची शहरे होत. जमीन गाळाची व सपाट आहे. सतलज जवळ असल्याने या भागाला पुराचा धोका असतो. २०१९ व २०२३ या वर्षी लोहियां परिसरातील नदीचे मातीचे बांध फुटून अनेक गावांत पाणी शिरले होते.

लोकजीवन

गावाची भाषा पंजाबी असून ती गुरुमुखी लिपीत लिहिली जाते. दोआबातील इतर गावांप्रमाणेच येथेही गुरुद्वारा हे उपासनेबरोबरच सामाजिक जीवनाचे केंद्र असते. लंगरमध्ये सर्वजण एका पंगतीत जेवतात. सामुदायिक श्रमदानाला ‘कारसेवा’ म्हणतात. हिवाळ्यात मक्याची रोटी व मोहरीच्या पानांची भाजी आणि उन्हाळ्यात लस्सी हा नेहमीचा आहार होय. दोआबातील असंख्य कुटुंबांतील माणसे ब्रिटन, कॅनडा आदी देशांत स्थायिक झाली असून गावाकडील घरे, शाळा व धर्मस्थाने यांना त्यांच्याकडून आर्थिक साहाय्य मिळते.

शेती व पाणी

रब्बीत गहू व खरिपात भात ही प्रमुख पिके आहेत. हरितक्रांतीनंतर भाताचे क्षेत्र वाढले आणि सिंचनाचा भार कूपनलिकांवर आला. परिणामी राज्याच्या मोठ्या भागात भूजलपातळी सातत्याने खालावत गेली. भाताची लवकर लावणी रोखण्यासाठी पंजाबने २००९ मध्ये भूजल संरक्षणाचा कायदा केला. या पार्श्वभूमीवर सांडपाणी शेतीसाठी वापरणे ही गावाच्या दृष्टीने केवळ स्वच्छतेची बाब राहत नाही. तेवढाच भूजलाचा उपसा कमी होतो.

काली बेईंचे पुनरुज्जीवन

काली बेईं ही सुमारे १६० किमी लांबीची नदी होशियारपूर जिल्ह्यात उगम पावून कपूरथळा, सुलतानपूर लोधी या मार्गाने वाहते. गुरू नानक यांच्या चरित्रात तिला विशेष स्थान असल्याने शीख समाज तिला पवित्र मानतो. गावांचे व शहरांचे सांडपाणी, गाळ आणि जलपर्णी यांमुळे विसाव्या शतकाच्या अखेरीस तिचे पात्र गटारासारखे झाले होते. २००० मध्ये संत बलबीरसिंग सीचेवाल यांच्या नेतृत्वाखाली कारसेवा सुरू झाली. स्वयंसेवकांनी जलपर्णी व गाळ हातांनी काढला, काठ बांधले, घाट उभारले आणि झाडे लावली. २००६ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती ए.पी.जे. अब्दुल कलाम यांनी या कामाची पाहणी केली. सीचेवाल यांना २०१७ मध्ये पद्मश्री पुरस्कार मिळाला. २०२२ मध्ये ते राज्यसभेचे सदस्य झाले.

सांडपाणी व्यवस्था

नदी साफ केली तरी सांडपाणी तिच्यात येतच राहिले, तर श्रम वाया जातात. त्यामुळे सांडपाण्याला दुसरी वाट देणे आवश्यक होते. सीचेवाल पद्धतीत घराघरांतील पाणी भूमिगत नळांतून गावाबाहेर नेले जाते. तेथे ते एकापाठोपाठ एक अशा विहिरींतून जाते. त्यांत जड गाळ तळाशी बसतो, तर तेलकट व तरंगणारी घाण वर अडते. नंतर पाणी उघड्या तळ्यात सोडले जाते. ऊन व हवा यांच्या साहाय्याने त्याची आणखी शुद्धी झाल्यावर ते पंपाद्वारे शेतांना दिले जाते. पाण्यातील पोषक द्रव्ये पिकांना उपयोगी पडतात. गल्लीतील उघडी गटारे बंद झाल्याने डासांचा उपद्रवही कमी होतो.

मर्यादा

ही पद्धत घरगुती सांडपाण्यासाठी आहे; कारखान्यांचे रासायनिक पाणी तिने शुद्ध होत नाही. तळ्यासाठी सामायिक जागा लागते, गाळ वेळोवेळी काढावा लागतो आणि पाणी घेण्यास शेतकरी तयार असावे लागतात. पावसाळ्यात शेतीची मागणी घटल्यावर पाणी साठवण्याचा प्रश्न निर्माण होतो. त्यामुळे तिचे यश बांधकामाइतकेच ग्रामपंचायतीच्या सातत्यपूर्ण देखभालीवर अवलंबून असते.